प्रपंच आटोपला, इडाबाई निघाल्या

मार्च १८४२ मध्ये व्हिएन्नाच्या धक्क्यावरून डॅन्यूब नदीतल्या आगबोटीत चव्वेचाळीस वर्षांची एक बाई एकटीच चढली. इस्तंबूलला मैत्रिणीला भेटायला जाते, असे तिने सर्वांना सांगितले होते. मनात होते ते मात्र थेट जेरुसलेम. निघण्यापूर्वी मृत्युपत्रही करून ठेवले होते. इडा फायफर हे तिचे नाव. पुढच्या सोळा वर्षांत या बाईने दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातल्या एका फेरीत ती आपल्या अजिंठा-वेरूळलाही येऊन गेली. तेव्हा आपण तिला आपल्या रीतीने इडाबाईच म्हणू.

इडाबाईंचा जन्म १७९७ सालचा, व्हिएन्नातल्या एका श्रीमंत कारखानदाराच्या घरातला. वडिलांनी मुलीला भावांच्या बरोबरीने, मुलग्यांच्या कपड्यांत वाढवले. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना वडील गेले आणि आईने तिच्या हाती सुई दिली, पियानो दिला. १८२० मध्ये चोवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका वकिलाशी लग्न झाले. नवऱ्याने सरकारी अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार उघडकीला आणला आणि त्यापायी स्वतःचेच काम गमावले. मग इडाबाईंनी चित्रकलेच्या आणि संगीताच्या शिकवण्या करून संसार रेटला, दोन मुलगे वाढवले. नकाशात बोट फिरवण्याची लहानपणची हौस वीस वर्षे मनातच राहिली. मुले मार्गाला लागली आणि मग त्या निघाल्या.

पहिले ठिकाण त्यांनी निवडले जेरुसलेम, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रपंच आटोपलेली बाई देवाच्या गावाला निघाली, तर तिला कोण अडवणार? आपल्याकडेही तेच होते. नातवंडांचे तोंड पाहिलेली बाई काशीला किंवा पंढरपूरला निघाली, तर तिला कोणी नावे ठेवत नसे. अहिल्याबाई होळकरांनी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या आधाराने असंख्य स्त्रियांनी जग पाहिले. ही रजा होती, पण ती देवाच्या नावाने मागितलेली.

इडाबाईंचे वेगळेपण पुढे आहे. जेरुसलेमच्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. पहिल्यांदा ते लेखिकेच्या नावाशिवायच छापले गेले, पण ते खपले. त्या पैशांतून १८४५ मध्ये त्या गेल्या आइसलँडला! तिथे कुठली काशी आणि कुठली जेरुसलेम? तिथे बर्फ, ज्वालामुखी आणि उकळत्या पाण्याचे झरे. आता देवाचे निमित्त उरले नव्हते. पाहायचे आहे म्हणून जायचे, एवढेच कारण पुरेसे होते.

१८४६ मध्ये त्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. ब्राझील, चिली, ताहिती, चीन, सिंहल असे करीत १८४७ अखेर कलकत्त्याला उतरल्या. काशी, आग्रा, दिल्ली पाहून दिल्लीहून मुंबईकडे निघाल्या त्या बैलगाडीने आणि उंटावरून. आपल्याकडची पहिली आगगाडी मुंबईहून ठाण्याला धावली १८५३ मध्ये; ही गोष्ट त्याच्या पाच वर्षे आधीची. वाटेत ठगांची भीती. सोबत तंबू नाही, लवाजमा नाही. कोटा, उज्जैन, इंदूर करून त्या अजिंठ्याला आल्या. मग हत्तीवर बसून वाघाच्या शिकारीत सामील झाल्या. वेरूळ, दौलताबाद, तेव्हाचे औरंगाबाद आणि पुणे असा मार्ग धरून मुंबईला पोहोचल्या. घारापुरी, साष्टी पाहिली आणि एप्रिल १८४८ मध्ये बसऱ्याची बोट धरली. त्याच १८४८ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली. इथल्या मुलीला पाटीपर्यंत पोहोचण्यासाठी केवढा झगडा करावा लागत होता, हेही या प्रवासाशेजारी मांडून पाहायला हवे. गोरेपण आणि साहेब लोकांच्या नावची ओळखपत्रे इडाबाईंच्या कामी आली, हेही खरेच.

पण त्यांची सर्वांत मोठी सनद होती त्यांचे वय. तरुण बाई एकटी दिसली की तिच्याविषयी संशय; प्रौढ बाईकडे कोणी फारसे पाहत नाही. या दुर्लक्षाचेच त्यांनी भांडवल केले. दुसऱ्या प्रदक्षिणेत, १८५२ मध्ये, सुमात्रातल्या बाटक लोकांनी त्यांना घेरले. हे लोक माणसे खातात, अशी ख्याती होती. इडाबाई मोडक्यातोडक्या मलय भाषेत म्हणाल्या, की माझ्यासारख्या म्हाताऱ्या बाईचे मांस फार चिवट असते. लोक हसले आणि वाट मिळाली. पुढे मात्र त्यांना परतावे लागले. तोबा सरोवर काही पाहायला मिळाले नाही.

मी इतिहासाची शिक्षिका. वेरूळला शाळेच्या सहली कितीतरी वेळा नेल्या. पण तिथे एकटी गेले ती निवृत्तीनंतर. मुलींची मोजणी करायची नव्हती, डबे वाटायचे नव्हते, ‘चला, आटपा’ म्हणायचे नव्हते. कैलास लेण्यासमोर दोन तास बसले. तळाशी ओळीने उभे असलेले हत्ती त्या दिवशी सावकाश पाहिले. एकटीच्या प्रवासात बाईला काय मिळते, असे विचाराल तर मी म्हणेन, तिचा वेळ तिला परत मिळतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळावर चाललेल्या बाईला याची किंमत कळते.

इडाबाईंना तर याहून पुष्कळ मिळाले. पुस्तकांची भाषांतरे झाली. गोळा केलेले कीटक, वनस्पती संग्रहालयांत गेले. बर्लिन आणि पॅरिसच्या भूगोल संस्थांनी सन्माननीय सदस्यत्व दिले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची दारे मात्र स्त्रियांसाठी कायमची उघडली ती १९१३ मध्ये. याचा अर्थ प्रवासाने त्यांची दृष्टी सर्वस्वी उदार झाली, असा नव्हे. परक्या लोकांविषयी त्यांनी पुष्कळदा कठोर, तुच्छतेनेही लिहिले आहे. किंमतही मोजावी लागली. १८५७ मध्ये मादागास्करच्या राणीविरुद्धच्या कटाच्या प्रकरणात त्या सापडल्या आणि हद्दपार झाल्या. तिथला ताप अंगात भिनला आणि ऑक्टोबर १८५८ मध्ये व्हिएन्नात, एकसष्टाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

मार्च २०२३ मध्ये आपल्या एस.टी.ने सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट लागू केले. स्टँडवर एकट्या निघालेल्या आज्या तेव्हापासून जास्त दिसू लागल्या, असे मला वाटते. कुणी लेकीकडे निघालेली असते, कुणी देवाला. त्यांतली एखादी ‘सहज, गाव बघायला’ म्हणते. तिला ‘एकट्याच कशाला?’ असे विचारू नये. खिडकीजवळची जागा द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)