फिजिक्स आणि कॅल्क्युलस एकाच वेळी झेपेल का? अकरावी सायन्सवाल्यांसाठी सोपी माहिती

दहावी झाली, सायन्स घ्यायचं ठरलं, की लगेच प्रश्न येतो: गणित ठेवायचं की सोडायचं? 'कॅल्क्युलस खूप अवघड असतं' हे ऐकून बरेच जण गणित सोडून पीसीबी घेतात. पण गणित सोडलं तरी कॅल्क्युलस सुटत नाही. ते फिजिक्समध्ये येतंच.

कॅल्क्युलस म्हणजे नक्की काय?

भिवंडीजवळच्या वडपे गावापासून ठाण्याच्या माजिवड्यापर्यंत महामार्गाने साधारण 24 किमी अंतर आहे. समजा बसला 48 मिनिटं लागली. म्हणजे सरासरी वेग ताशी 30 किमी. पण बस सगळा वेळ 30 नेच चालली का? नाही. कधी ट्रॅफिकमध्ये उभी, कधी ताशी 60. स्पीडोमीटर दाखवतो तो त्या क्षणाचा वेग.

- अंतरावरून त्या क्षणाचा वेग काढणं म्हणजे डेरिव्हेटिव्ह.
- क्षणाक्षणाच्या वेगावरून एकूण अंतर काढणं म्हणजे इंटिग्रेशन.

मग अडचण कुठे येते?

बालभारतीच्या 2019 च्या अकरावी फिजिक्स पुस्तकात दुसराच धडा 'मॅथेमॅटिकल मेथड्स' आहे. त्यात व्हेक्टरसोबत कॅल्क्युलसची ओळख आहे. गणितात मात्र लिमिट्स, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन हे भाग 2 मधले शेवटचे तीन धडे. इंटिग्रेशन तर थेट बारावीत. म्हणजे फिजिक्सला जे सुरुवातीलाच लागतं, ते गणितात उशिरा येतं. सुरुवातीला डोक्यावरून जातंय असं वाटलं तर घाबरू नका, कारण बरेचदा हेच असतं.

कोणी काय घ्यावं?

- इंजिनिअरिंग करायचंय: पीसीएम. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, 100 गुण. दोन्ही विषय सोबतच घ्या.
- मेडिकल करायचंय: पीसीबी चालतं. नीटमध्ये गणित नाही, पण 720 पैकी 180 गुण फिजिक्सचे आहेत. त्यापुरतं कॅल्क्युलस शिकावंच लागेल.
- अजून ठरलं नाही: पीसीएमबी. अभ्यास वाढतो, पण दोन्ही वाटा खुल्या राहतात.

कॉलेज सुरू होण्याआधी काय कराल?

1. दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्कं करा. समीकरण सोडवताना अडत असाल, तर कॅल्क्युलसही अडणार.
2. बालभारतीच्या वेबसाइटवरून फिजिक्सच्या पुस्तकाची पीडीएफ मोफत डाउनलोड करा आणि दुसरा धडा वाचा.
3. घात, साइन आणि कोसाइन यांचे डेरिव्हेटिव्ह शिका. उदा. दगड खाली पडताना अंतर = 5 × वेळ², तर वेग = 10 × वेळ. 2 सेकंदांनी अंतर 20 मीटर, वेग सेकंदाला 20 मीटर.
4. मोबाइलवर जिओजेब्रा ॲपमध्ये आलेख काढून बघा. फायफॉक्स हे मोफत ॲप फोनच्या जीपीएसवरून वेग नोंदवतं. बसमध्ये सीटवर बसून करून बघा, गाडी चालवताना नको.

थोडक्यात: इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर फक्त कॅल्क्युलसच्या भीतीने गणित सोडू नका. सुट्टीतले काही दिवस त्याला द्या, म्हणजे फिजिक्सही सोपं जाईल.