इरल्यापासून रेनकोटापर्यंत

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना पावसाची गोष्ट काढणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. छत्र्या माळ्यावर गेल्या, रेनकोट घडी होऊन पेटीच्या तळाशी पडले. आता त्यांची आठवण कशाला? पण खरे सांगायचे तर या वस्तूंचा शांतपणे विचार करण्याची हीच वेळ. एकदा मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की माणूस दुकानात धावतो आणि हाताला लागेल ते घेऊन येतो. मग छत्री बरी की रेनकोट, हा वाद घरोघर रंगतो. हा वाद आजचा नाही. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. आणि तो चाळू लागलो, की एक गोष्ट ध्यानात येते. पावसाच्या प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारावा: तू माणसाचे हात मोकळे ठेवतोस, की अडकवतोस?

आपल्या कोकणातले इरले पाहा. बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणायची, तिच्यावर पळसाची किंवा कुंभ्याची पाने दाट पसरायची आणि वरून दुसरी जाळी बांधून टाकायची. आकार उपड्या होडीसारखा. ते डोक्यावर घेतले, की डोके आणि पाठ दोन्ही झाकतात. ताठ उभे राहून चालणाऱ्याला ते बेंगरूळ वाटते. पण ते ताठ माणसासाठी केलेलेच नाही. चिखलात वाकून दिवसभर भाताची लावणी करणाऱ्यांसाठी ते आहे. पाठीवर पाऊस वाजत असतो, पुढून वारा खेळत असतो आणि दोन्ही हात रोपांना मोकळे असतात. ज्या कोणी ते पहिल्यांदा विणले असेल, त्याने आधी काम पाहिले आणि मग पाऊस पाहिला.

घाट चढून देशावर आलो, की इरल्याची जागा घोंगडी घेते. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगराला वाकून काम नसते. त्याला तासन् तास उभे राहायचे असते. घोंगडीची खोळ करून ती डोक्यावरून घेतली, की भुरभुर पावसाचे पाणी लोकरीवरून निथळून जाते. विणताना सुताला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे वीण घट्ट बसते. लोकरीचा मोठा गुण असा, की ती पुष्कळ ओलावा पोटात घेते आणि भिजल्यावरही ऊब सोडत नाही. मुसळधार पावसात ती जड होते हे खरे. पण रात्री तीच अंथरूण होते, तीच पांघरूण होते. एका वस्तूकडून याहून अधिक काय मागावे?

छत्रीचे घराणे मात्र निराळे. तिचा जन्म पावसासाठी नव्हे, मानासाठी झाला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि ते छत्रपती झाले. त्या पदवीतच छत्र आहे. पुढे मराठी राज्यात पालखीप्रमाणे अबदागीर हाही मानाचा भाग होता. आता गंमत पाहा, राजा स्वतःचे छत्र स्वतः कधी धरीत नाही. ते धरायला दुसऱ्याचे हात लागतात. राजाचे हात मोकळे राहतात, कारण दुसऱ्या कोणाचे तरी अडकलेले असतात.

मानाची वस्तू म्हटली, की मनाई आलीच. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर संस्थानात, खालच्या मानलेल्या जातींना छत्री धरण्याची बंदी होती. वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडणारा तो मुलूख! आभाळ सर्वांवर सारखेच कोसळे, पण डोक्यावर छत्री कोणी धरायची हे जात ठरवी. शेतात राबणारा तिथला माणूस ताडाच्या पानांची टोपीवजा छत्री डोक्यावर घाली. ती धरावी लागत नसे, म्हणून कामाला सोयीची होती. पण सोयीने स्वीकारणे वेगळे आणि दुसरे काही वापरायची मुभाच नसणे वेगळे. आज शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या मुलांच्या छत्र्या एकाच दांडीला लटकतात, त्यांचे पाणी एकाच ओघळात मिसळते. हे साधे दृश्य किती मोलाचे आहे, हे मुलांना सांगावेसे वाटते.

इंग्लंडात छत्रीची कथा उलटी झाली. तिथे अठराव्या शतकात ती बायकांची वस्तू समजली जाई. जोनास हॅनवे नावाचा प्रवासी गृहस्थ लंडनच्या रस्त्यांवर ती उघडून फिरू लागला, तेव्हा लोक हसले आणि घोडागाडीवाले तर चिडले. चिडतील नाही तर काय? पावसात भिजणारा माणूस हेच त्यांचे गिऱ्हाईक! हॅनवेने मात्र आपला हट्ट सोडला नाही. पुढे १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्स याने पोलादी काड्यांचा हलका सांगाडा काढला. त्यापूर्वीच्या छत्र्या वेताच्या नाही तर देवमाशाच्या तोंडातील पट्ट्यांच्या, म्हणजे चांगल्याच जड. पोलादामुळे छत्री हलकी झाली आणि सामान्य माणसाच्या हाती आली.

रेनकोटाचा जन्म स्कॉटलंडातला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ मध्ये पेटंट घेतले. दगडी कोळशापासून गॅस काढताना डांबर उरे. त्यातून मिळणाऱ्या नाफ्थ्यात रबर विरघळते. ते द्रावण दोन कापडांच्या मध्ये लावायचे, की पाणी आत येत नाही. पण हा कोट उन्हात चिकट व्हायचा, थंडीत ताठ आणि वासाचे तर नावच नको. रबरात गंधक घालून ते तापवण्याची युक्ती पुढे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडात थॉमस हॅन्कॉक यांनी साधली, तेव्हा चिकटपणा गेला.

तरी एक अडचण उरलीच. पाणी बाहेरून आत येऊ न देणारे कापड घामालाही आतून बाहेर जाऊ देईना. माणूस पावसातून वाचला आणि घामाने भिजला! टॉमस बर्बेरी याने १८७९ मध्ये सूत आधीच जलरोधक करून दाट विणले आणि गॅबर्डीन काढले. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर याने टेफ्लॉन झटक्याने ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा केला. त्यातून पाण्याचा थेंब शिरत नाही, पण घामाची वाफ निघून जाते. मोठ्या प्रयोगशाळांनी दीडशे वर्षांनी सोडवलेले हे कोडे इरल्याने पुढची बाजू उघडी ठेवून केव्हाच टाळले होते. आणि आपल्या दमट हवेत हे महागडे कापडही थोडे हतबल होते. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, मग वाफ जाणार कुठे?

तेव्हा निवड करताना किमतीकडे नंतर पाहावे, हातांकडे आधी. पायी चालणाऱ्याला आणि लोकलने जाणाऱ्याला छत्री पुरे. घाम येत नाही आणि मिटली की काखेत बसते. सायकल किंवा स्कूटर चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलला हवेत, म्हणून त्याला कोट आणि विजार असा जोड घ्यावा, तोही भडक रंगाचा. चाकात अडकेल असे सैल पांघरूण नको. सह्याद्रीत गड चढणाऱ्याला खडक धरायचा असतो. त्यालाही छत्री कामाची नाही. वारकऱ्याच्या हाती टाळ असतात, म्हणून तो डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतो. ते इरल्याचेच नवे रूप. आणि २६ जुलै २००५ सारखा दिवस उगवला, सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, की कोणतेच साधन पुरत नाही. तिथे शेजाऱ्याचा हातच धरावा लागतो.

लावणीच्या शेतांतही आता हाच प्लॅस्टिकचा कागद दिसतो. तो स्वस्त आहे, हलका आहे. वापरणारीला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण इरली विणणारे हात कमी होत चालले आहेत, आणि पाने कोणती, कामटी किती बारीक, हे ज्ञान कुठल्याही पोथीत लिहिलेले नाही. दिवाळीच्या सुटीत कोकणात गेलात, तर पडवीच्या आढ्याला टांगलेले एखादे जुने इरले असले, तर ते खाली काढायला सांगा. मुलांच्या डोक्यावर ठेवा आणि त्यांना वाकायला लावा. दोन्ही हात मोकळे राहतात, हे त्यांचे त्यांनाच कळेल.