१२१, रेल्टन रोड

१९७९च्या ‘स्क्वॉटर्स हँडबुक’च्या मुखपृष्ठावर एक तरुण काळी मुलगी घराच्या भिंतीवरून वर चढताना दिसते. ही पुस्तिका रिकाम्या घरांत बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी आहे. मुलगी ऑलिव्ह मॉरिस. घर १२१, रेल्टन रोड, ब्रिक्स्टन, दक्षिण लंडन.

या घरापर्यंत चालत जायचं तर मी सुरुवात २५०, ब्रिक्स्टन रोडपासून करेन. इथं एका रेकॉर्डच्या दुकानाच्या माडीवरून क्लॉडिया जोन्सनं १९५८ साली ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ सुरू केलं. ती जन्मानं त्रिनिदादची, वाढली न्यूयॉर्कमध्ये. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेनं तिला आधी तुरुंगात टाकलं, मग १९५५ मध्ये देशाबाहेर घालवलं. वृत्तपत्र निघालं आणि काही महिन्यांत नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळक्यांनी काळ्या वस्तीवर हल्ले चढवले. त्याला उत्तर म्हणून क्लॉडियानं जानेवारी १९५९ मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. दंगलीत दंड झालेल्या तरुणांचा दंड भरायला त्याच्या कमाईतला वाटा ठेवला होता. नाचगाण्याच्या तिकिटांतून कोर्टाचा दंड भरायचा, हा हिशेब अस्सल चळवळ्या बाईचाच!

तिथून दक्षिणेला स्टेशन ओलांडलं की रेल्वेलगत ॲटलांटिक रोड लागतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये इथं ‘डेझमंड्स हिप सिटी’ या रेकॉर्डच्या दुकानासमोर एका नायजेरियन राजनैतिक अधिकाऱ्याला पोलिसांनी पकडून मारलं. काळा माणूस मर्सिडीजमध्ये, म्हणजे गाडी चोरीचीच असणार! त्या गोंधळात १७ वर्षांची ऑलिव्हही पकडली गेली. जमैकात जन्मलेली आणि नवव्या वर्षी लंडनला आलेली ही मुलगी; त्या प्रकारानंतरचा तिचा सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो आहे. पोलिसांना मारहाण केल्याचा ठपका मात्र तिच्यावरच आला.

ॲटलांटिक रोड पुढं रेल्टन रोडला मिळतो. तिथली बरीच घरं पुनर्विकासाच्या नावाखाली रिकामी पडून होती, आणि काळ्या कुटुंबांना भाड्यानं खोली मिळायची मारामार. १९७२-७३च्या सुमारास ऑलिव्ह आणि तिची मैत्रीण लिझ ओबी यांनी १२१ मध्ये मुक्काम ठोकला. रिकाम्या घरात घुसून राहणं तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता. बाहेर काढायचं तर मालकाला दिवाणी कोर्टात जावं लागे. काढायला माणसं आली, तेव्हा ऑलिव्ह छतावर चढली. पुढं याच घरात ‘साबार’ हे काळ्यांचं पुस्तकांचं दुकान निघालं, बैठका होऊ लागल्या. १९७३ मध्येच दोघींनी इतर बायकांबरोबर ‘ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप’ उभा केला. ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीत काम करून आलेल्या या बायका स्वतःचं वेगळं व्यासपीठ मागत होत्या, यातच पुरुष साथीदारांबद्दलचं त्यांचं मत आलं.

याच रस्त्यावर एक पुणेकर भेटतो. ‘पूना कंपनी’चे लेखक फारुख धोंडी तेव्हा लंडनमध्ये शाळामास्तर आणि पँथर होते. १९७३ मध्ये ते राहत होते त्या ७४ क्रमांकाच्या घरावर पेट्रोलबाँब पडला. खाली चळवळीचं पुस्तकांचं दुकान होतं. धोंडी वाचले. त्यांच्या तेव्हाच्या पत्नी माला सेन याही पँथर होत्या. फूलनदेवीचं चरित्र लिहिणाऱ्या त्याच माला सेन. पुढं दोघं ‘रेस टुडे’ मासिकाच्या गटात गेले आणि पूर्व लंडनमधल्या बंगाली कुटुंबांना रिकामी घरं ताब्यात घ्यायला मदत करू लागले. ब्रिक्स्टनमध्ये चाललेली युक्ती नदीपलीकडच्या बांगलादेशी बिऱ्हाडांच्या कामी आली. आपल्याकडे या साखळीचा उल्लेखही होत नाही, याचं मला नवल वाटतं.

‘रेस टुडे’ची जागा पुढच्याच १६५ क्रमांकात. दारावर निळी पाटी आहे ती लेखक-विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांची, म्हातारपणी ते वरच्या मजल्यावर राहत. मासिकाचं काम वर्षानुवर्षं ओढणाऱ्या आणि शेवटी संपादक झालेल्या लीला हसन यांचं नाव त्या पाटीवर नाही. म्हणून इथं पाट्या वाचत फिरण्यापेक्षा माहीतगार बाईबरोबर फिरावं.

ऑलिव्ह १२ जुलै १९७९ला कर्करोगानं गेली. वय २७. १९८६ मध्ये लॅम्बेथ कौन्सिलनं ब्रिक्स्टन हिलवरच्या आपल्या कचेरीला तिचं नाव दिलं. घरांवरून जिनं अधिकाऱ्यांची झोप उडवली, तिच्या नावाच्या इमारतीत लोक कौन्सिलची कामं घेऊन रांगा लावू लागले. मधल्या काळात १२१ अराजकवाद्यांकडे गेलं. १९९९ मध्ये त्यांनाही काढलं. २००९ मध्ये ‘ब्रिक्स्टन पाउंड’ या स्थानिक चलनाच्या एक पाउंडाच्या नोटेवर ऑलिव्हचा चेहरा आला. २०२० मध्ये कचेरी पाडली.

लिझ ओबीनं मात्र मैत्रिणीचे कागद, पत्रकं, फोटो सांभाळले होते. २००८ मध्ये जमलेल्या ‘रिमेंबरिंग ऑलिव्ह कलेक्टिव्ह’नं तिला ओळखणाऱ्यांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित केल्या आणि हा सगळा ऐवज लॅम्बेथच्या अभिलेखागारात गेला. हे अभिलेखागार आता पाडलेल्या कचेरीच्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आहे: १६, ब्रिक्स्टन हिल. ब्रिक्स्टनच्या विंडरश चौकातून चालत काही मिनिटं.