धर्मवोळलचा विहार

हुबळीहून सकाळी निघालेला एकटा प्रवासी गदगमार्गे दुपारपूर्वी डंबळला पोहोचतो. १९९७ पर्यंत हे गाव धारवाड जिल्ह्यातच होते. दोड्डबसप्पा मंदिराचा चोवीस कोनांचा तारकाकृती तलविन्यास पाहून बहुतेक जण परततात. गावाची दुसरी ओळख मात्र एका शिलालेखात आहे.

शके १०१७ (इ. स. १०९५) चा हा लेख कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. त्याची राणी लक्ष्मादेवी तेव्हा या भागाचा कारभार पाहत होती. धर्मवोळल म्हणजेच डंबळ येथील सोळा शेट्टींनी बांधलेला बुद्धविहार आणि लोक्किगुंडी म्हणजे लक्कुंडीच्या संगवय्य शेट्टीने बांधलेला आर्यतारादेवीचा विहार, या दोहोंना मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे.

दक्षिणेतील बौद्ध धर्म आठव्या शतकानंतर संपला, हा समज येथे डळमळतो. समुद्रकाठी मंगळूरच्या कद्री विहारात आळुप राजा कुंदवर्म्याने लोकेश्वराची मूर्ती ९६८ मध्ये स्थापिली. कोल्हापूरच्या शिलाहार गंडरादित्याने खोदविलेल्या गंडसमुद्र तलावाकाठी शिव आणि अर्हत यांच्यासह बुद्धाचीही स्थापना केली. त्याचा ताम्रपट १११० चा आहे.

राजाश्रयाइतकाच व्यापाऱ्यांचा आश्रय या धर्माला येथे तारक ठरला. सोळा शेट्टींचा विहार आज उभा नाही. त्यांच्या औदार्याची साक्ष एका कोरीव शिळेने राखली. ती वाचली गेली नसती, तर या भूमीचा हा वारसा आपल्याला ठाऊकच झाला नसता.