संगीत ‘मानापमान’ आणि आपला उत्सवी रंगमंच

गोमंतकात देऊळ आणि नाटक यांचा संबंध किती जुना व किती निकटचा आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. काला, दशावतार, कीर्तन आणि त्यानंतर संगीत नाटक अशी ही परंपरा आपल्या सभामंडपांतून आणि देवळापुढील मांडवांतून चालत आली. जत्रेचा पालखी-सोहळा आटोपला की पडदा वर जावयाचा आणि पहाटेच्या सुमारास भरतवाक्य व्हावयाचे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या होता. आता रात्र लहान झाली आहे. ध्वनिवर्धकाचे नियम आहेत, दुसऱ्या दिवशीच्या नोकऱ्या आहेत. आणि जागरणाची हौस असलेले प्रेक्षक थोडे उरले आहेत.

2025 च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ या नावाचा चित्रपट आला आणि मूळ नाटकाचे नाव तरुण मंडळींच्या तोंडी पुन्हा ऐकू येऊ लागले. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु नाटक बसविण्याचा विषय निघाला की त्यास जोडूनच एक सूचना येते : “गद्य कापून टाकू, पदे ठेवू, दोन तासांत आटपू.” या सूचनेविषयी चार शब्द लिहावेत, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

कारकुनी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रकरणातील तारखा शेजारी शेजारी मांडून पाहण्याची खोड असते. ‘मानापमाना’च्या बाबतीत ती खोड उपयोगी पडते. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे सांगलीचे. ते लोकमान्य टिळकांच्या अंतर्गोटातले व ‘केसरी’च्या संपादकवर्गातले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी नेपाळात जाऊन कौलांच्या कारखान्याच्या आवरणाखाली शस्त्रे तयार करण्याचा उद्योग मांडू पाहणारे खाडिलकर ते हेच. 1907 मध्ये त्यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कीचकाच्या उन्मत्त भाषणांत प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनचा आवाज ओळखला. सैरंध्रीची विटंबना म्हणजे कोणाची विटंबना, युधिष्ठिराचा सबुरीचा उपदेश कोणत्या पक्षाचा आणि भीमाचा संताप कोणत्या, हेही त्यांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. 1910 मध्ये सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली. आणि 1911 च्या मार्च महिन्यात याच खाडिलकरांचे पहिले संगीत नाटक किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. ते ‘मानापमान’.

या चार तारखा एका ओळीत ठेवल्या म्हणजे ‘मानापमान’ ही निव्वळ प्रेमकथा आहे, हे म्हणणे टिकत नाही. लेखकाचा गुरू तुरुंगात, लेखकाचे नाटक बंदीत. अशा वेळी तो पदे रचावयास बसतो, ते केवळ रसिकांच्या करमणुकीसाठी नव्हे. ज्या नाटकात परक्या राज्याचा उल्लेख नाही, पुराणातील खलपुरुष नाही, ते कोणत्या कलमाखाली बंद करणार? युरोपातही हा मार्ग चोखाळलेला आहे. ऑबेर या फ्रेंच संगीतकाराच्या 1828 मधील एका संगीतिकेत नेपल्सच्या कोळ्यांचे बंड एका प्रेमप्रकरणात गुंफले होते. 25 ऑगस्ट 1830 रोजी ब्रुसेल्स येथे तिचा प्रयोग चालू असता स्वदेशप्रीतीच्या एका द्वंद्वगीतावर प्रेक्षक खवळून उठले, रस्त्यावर आले, आणि बेल्जमच्या स्वातंत्र्ययुद्धाला तेथून तोंड लागले. आपल्याकडे तसे काही घडले नाही. पण राजसत्तेच्या डोळ्यांदेखत शृंगाराच्या वस्त्राखालून वीररस नेता येतो, हे मर्म एकच.

आता कथानक. धैर्यधर हा पराक्रमी सेनापती, परंतु निर्धन. भामिनी ही श्रीमंत घरची मानी मुलगी. वडिलांनी योजिलेल्या या वराला ती केवळ त्याच्या दारिद्र्यामुळे झिडकारते. तोही अपमान गिळणारा नव्हे. दुसरीकडे लक्ष्मीधर. नावाप्रमाणे धनवान, अलंकारांनी मढलेला, आणि संकटाचा वारा लागताच गाळण उडणारा. पुढे भामिनी वनमाला या नावाने, गरीब मुलीच्या वेषात, धैर्यधराच्या छावणीत जाते. तेथे त्याचे खरे मोल तिला कळते, आणि अभिमानाचे प्रेमात रूपांतर होते.

ज्या काळी सरकारदरबारच्या पदव्या, मानाची खुर्ची आणि रावबहादुरी यांना प्रतिष्ठा होती, त्या काळी मान पैशाला द्यावयाचा की शौर्याला, असा सरळ प्रश्न हे नाटक विचारीत होते. लक्ष्मीधराला हसताना प्रेक्षक कोणाला हसत होते, याचा थोडा विचार करावा. दागिन्यांच्या भाराने वाकलेला, रक्षणासाठी दुसऱ्याकडे पाहणारा हा श्रीमंत म्हणजे त्या काळच्या सुस्थित समाजाचेच चित्र आहे. गणपतराव बोडसांनी ही भूमिका अजरामर केली. आपल्या हौशी मंचावर मात्र लक्ष्मीधर हा पुष्कळदा केवळ विदूषक होतो, कोलांट्या मारतो, पदरचे विनोद घालतो. आणि त्याच्या भित्रेपणात जी बोच आहे ती हरवते.

भामिनीविषयी आजच्या मुली कदाचित आक्षेप घेतील, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. गर्विष्ठ स्त्रीचा गर्व उतरविणे हा जुन्या नाटकांचा आवडता विषय होता, हे नाकारता येत नाही. तथापि छावणीत ती कोणाच्या आज्ञेने जात नाही, स्वतः जाते, स्वतः पारखते आणि स्वतः वरते. वडिलांचा शब्द मोडून आरंभ केलेली ही मुलगी अखेरीस आपल्याच निर्णयाने त्या शब्दापाशी येते. हा प्रवास गद्य प्रवेशांत आहे. ते प्रवेश कापले की उरते ती एक गाणारी, रुसणारी आणि मग विनाकारण हसणारी नायिका.

संगीताचे श्रेय गोविंदराव टेंबे यांचे. नाटकाला चाली देण्याचे त्यांचे हे पहिलेच काम. त्यापूर्वीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कामदा अशा वृत्तांवरील पदांची रेलचेल असे. कथा पुढे नेण्याचे काम पदेच करीत. टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरी, दादरा यांच्या वळणाच्या चाली आणल्या आणि मराठी रंगभूमीचा कानच बदलला. पदांच्या शब्दांविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. देवलांच्या पदांतील प्रसाद खाडिलकरांच्या पदांत नाही. शब्द कठीण, अन्वय ओढाताणीचा. कित्येक पदांचा अर्थ ती तोंडपाठ म्हणणाऱ्यांनाही सांगता यावयाचा नाही. खाडिलकरांची ताकद त्यांच्या गद्यात आहे, आणि आपण कापू म्हणतो ते गद्यच.

पहिल्या प्रयोगात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर नानासाहेब जोगळेकर असे होते. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी प्रयोग रद्द न करता ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. 1913 मध्ये बालगंधर्व, बोडस व टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून निघून गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि ‘मानापमान’ त्यांच्याबरोबर महाराष्ट्रभर फिरले.

परंतु या नाटकाच्या आयुष्यातील खरा दिवस म्हणजे 8 जुलै 1921. लोकमान्यांना जाऊन वर्ष होत आले होते. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभारून एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प राष्ट्रसभेने सोडला होता. त्या फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर! दोघांचेही चाहते आपापल्या देवतेसाठी हमरीतुमरीवर येणारे. चढ्या दरांची तिकिटे भराभर संपली आणि हजारो रुपये फंडास मिळाले. नाटककार टिळकांचा शिष्य, कारण टिळकांच्या नावाचे, आणि रंगमंचावर निर्धन सेनापतीचा सन्मान : दहा वर्षांपूर्वी झाकून ठेवलेला अर्थ त्या रात्री उघड झाला. केशवराव त्यानंतर तीन महिनेही जगले नाहीत. 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचे निधन झाले. कोल्हापुरातील त्यांच्या नावाचे नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत भस्मसात झाले, तेव्हा पुष्कळ वृद्ध रसिकांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

आपल्या भूमीचा संबंध येतो तो मास्टर दीनानाथांमुळे. जन्म 29 डिसेंबर 1900, मंगेशी. वडील मंगेशाचे अभिषेकी, आई देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातली. हा मुलगा किर्लोस्कर मंडळीत गेला, 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्याने बलवंत संगीत मंडळी स्थापन केली, आणि धैर्यधर उभा केला तो असा की जुने रसिक ताठ बसले. मूळच्या चालींचे लालित्य बाजूस सारून, वेगळ्या चालींत, तडफेच्या ताना घेऊन त्यांनी ती पदे म्हटली. त्या पदांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. धैर्यधर हा प्रथम सैनिक आहे व नंतर प्रियकर, हे ज्यास कळावयाचे असेल त्याने त्या ऐकाव्यात.

येथे थोडे मनातले लिहितो. महाजनबंधूंनी राग मानू नये. आपल्या देवळांतील मान हा जन्मावर चालतो. पोर्तुगीज अमदानीत 1886 च्या नियमावलीने महाजनांच्या नामावल्या कायद्यात बसविल्या. कोणाचे घराणे त्यात आहे आणि कोणाचे नाही, यावर देवस्थानाचा कारभार ठरला. पुढच्या रांगेतील आसने, प्रसादाचा क्रम, पालखीचा मान यांवरून झालेले कज्जे आपल्या ठिकठिकाणच्या दप्तरांत पडून आहेत. त्याच देवळांच्या मांडवात पुढच्या रांगेत बसून आपल्या आजोबा-पणजोबांनी ‘मानापमान’ पाहिले, आणि शौर्य श्रेष्ठ की संपत्ती व कुळ, या प्रश्नावर टाळ्या दिल्या. ज्यांनी आपल्याला गाणे दिले त्यांची नावे त्या नामावलीत नव्हती. दीनानाथांनी गावाचे नाव आडनाव म्हणून घेतले आणि मंगेशी हे नाव साऱ्या देशात नेले. नामावलीतल्या कोणालाही ते साधले नाही. नाटक पाहताना हे आपल्या पूर्वजांच्या मनात आले होते की नाही, कोण जाणे. आपल्या मनात यावयास हरकत नाही.

पोर्तुगालात 1926 च्या लष्करी उठावातून पुढे जी राजवट आली तिच्या काळात गोव्यात छापील मजकूर आणि रंगमंचावरील शब्द, दोहोंवर पूर्वतपासणी होती. उघड देशभक्तीचे नाटक करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. ‘मानापमान’ हे अशा काळाचे सोयीचे नाटक होते. संहिता वाचणाऱ्याला लग्नाची गोष्ट दिसावी आणि ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा. परंतु हा अर्थ गद्याशिवाय पोहोचला नसता. धैर्यधराची तलवार संवादात आहे. पदात बहुतांशी तिचा फक्त नाद आहे.

म्हणून ज्या मंडळींना हे नाटक बसवावयाचे आहे, त्यांना विनंती. कायद्याची अडचण आता नाही. खाडिलकर 1948 मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत 2008 अखेर संपली. टेंबे 1955 मध्ये गेले. त्यांच्या चालींची मुदतही 2015 अखेर संपली. कोणाची परवानगी नको, मानधन नको. वेळ कमी करावयाचाच असेल तर प्रथम पदांची पुनरावृत्ती आणि वन्समोअर आवरावेत. पेटीवाल्याचे आणि तबलजीचे स्वतंत्र कसब दुसऱ्या दिवशीच्या मैफलीसाठी राखावे. लक्ष्मीधराचे पदरचे विनोद वगळावेत. छावणीतील प्रवेश आणि आरंभीचा अपमानाचा प्रवेश, या दोहोंतील एक वाक्यही कमी करू नये. एवढे केल्यास नाटक साडेतीन तासांत बसेल असा अंदाज आहे. दहा वाजण्याच्या आत संपवावयाचे तर पडदा साडेसहाला वर गेला पाहिजे, आणि त्यासाठी आरतीच्या वेळेचा विचार समितीने तालमी सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावा.