तळटीप : पसरवण्याची क्रियापदे

* मूळ इंग्रजीत या परिच्छेदात स्प्रेड, ब्रॉडकास्ट, डिसेमिनेट आणि प्रॉपगेट अशी चार क्रियापदे येतात. समानार्थी कोशात ती शेजारी बसतात, पण त्यांची जात एक नाही. स्प्रेड सगळ्यांत ढिले. लोणी, अफवा, रोगाची साथ, त्याला काहीही चालते. उरलेली तिन्ही शेतीतून आलेली. ब्रॉडकास्ट म्हणजे मुळात मुठीतले बी हात फिरवत रानभर फेकणे. आपले शेतकरी याला बी फोकणे म्हणतात. पाभरीने तासात केलेली पेरणी वेगळी. रेडिओला हा शब्द चपखल बसला, कारण दाणा नेमका कुठे पडला हे फेकणाऱ्याला इथेही कळत नाही. १९२२ साली लंडनमध्ये बीबीसी स्थापन झाली ती हा शब्द नावात घेऊनच. डिसेमिनेटच्या पोटातही लॅटिन बीच आहे. प्रॉपगेट मात्र पेरणीचे नव्हे: वेलीची फांदी मातीत दाबून नवे रोप करायचे, म्हणजे आपले दाब कलम. त्यामुळे त्यात वंश पुढे नेण्याचा भाव टिकून आहे. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी स्थापलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून प्रोपगंडा आला. त्याला आजची बदनामी चिकटली ती बरीच उशिरा. (लेखक एके ठिकाणी अफवा ‘प्रॉपगेट’ करतो, ते आम्हाला पटलेले नाही.) भाषांतरात ब्रॉडकास्टसाठी प्रसारण, डिसेमिनेटसाठी प्रसार, प्रॉपगेटसाठी संवर्धन आणि स्प्रेडसाठी साधे पसरणे-पसरवणे योजले आहे. — संपा.