बाहीत दडलेला बेत

'टू हॅव समथिंग अप वन्स स्लीव्ह' हा इंग्रजीतील एक प्रचलित वाक्प्रचार. एखादी गुप्त योजना, युक्ती किंवा साधन योग्य वेळेसाठी राखून ठेवणे, असा त्याचा अर्थ. शब्दशः अर्थ मात्र 'बाहीत काहीतरी असणे' एवढाच.

या वाक्प्रचाराचे मूळ सोळाव्या शतकातील वेशभूषेत आहे. आजच्यासारखे शिवलेले खिसे त्या काळी रूढ नव्हते. बाह्या मात्र चांगल्या ऐसपैस असत. लहानसहान वस्तू त्यांतच ठेवल्या जात. बाहीतील वस्तू इतरांच्या दृष्टीआड राहते, पण हवी तेव्हा चटकन हाती येते. पुढे जादूगारांनी आणि पत्त्यांत लबाडी करणाऱ्या जुगाऱ्यांनीही बाहीचा हाच उपयोग केला. त्यातून एकोणिसाव्या शतकात 'बाहीतला एक्का' हे रूप प्रचारात आले.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरावा असा एक प्रसंग आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. त्या वेळी महाराजांच्या उजव्या बाहीत बिचवा आणि डाव्या हाताच्या बोटांत वाघनखे होती, असे ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात म्हटले आहे. अर्थात खरा बेत बाहीपुरता नव्हता. जावळीच्या रानात मराठ्यांचे सैन्य दबा धरून बसले होते. इशारा होताच ते खानाच्या फौजेवर तुटून पडले.

मराठीतही बाहीवरून आलेला वाक्प्रचार आहे, तो म्हणजे 'अस्तनीतला निखारा'. अस्तनी म्हणजे बाही. हा शब्द फारसी 'आस्तीन'वरून आला. परंतु येथे भाषांतरकाराने सावध राहावयास हवे. इंग्रजी बाहीत दडतो तो स्वतःचा बेत. मराठी अस्तनीत दडतो तो जवळचा विश्वासघातकी माणूस. एकाच्या जागी दुसरा योजल्यास धोरणी पुरुष फितुरांनी वेढलेला ठरेल. 'हुकमाचा एक्का राखून ठेवणे' किंवा 'मनात काही बेत शिजत असणे' हेच इंग्रजी वाक्प्रचाराला जवळचे मराठी पर्याय होत.

वाक्यात उपयोग : विरोधक निर्धास्त होते, पण सेनापतीने हुकमाचा एक्का अखेरपर्यंत राखून ठेवला होता.